रक्तदानाचा विधी आणि डॉक्टरांचा नकार

चैत्र शुद्ध त्रयोदशीची सकाळ. भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाची शोभायात्रा बाजारपेठेतून फिरून देरासराशी परत आलेली असते. उपाश्रयाच्या सभागृहात खाटा मांडलेल्या असतात. दाराशी नावे नोंदविणाऱ्या तरुणांसमोर रक्तदात्यांची रांग लागलेली असते. रांगेत चाळिशीचे एक गृहस्थ असतात, दरवर्षी न चुकता रक्त देणारे. त्यांची पाळी येते. डॉक्टर नाडी पाहतात आणि विचारतात, "सकाळी काय खाल्ले आहे?"

"काही नाही. नवपदाची ओळी चालू आहे. दुपारी एकदाच आयंबिल."

"मग आज रक्त घेता येणार नाही. पारणे होऊ द्या. त्यानंतर केंद्रावर या."

गृहस्थ हिरमुसतात. संयोजकांपैकी कोणीतरी पुढे होऊन हळूच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आमचे नेहमीचे दाते आहेत. घ्या ना. शंभराचा आकडा गाठायचा आहे."

रत्नागिरी, चिपळूण, खेड असो की सांगली, कोल्हापूर. जेथे जेथे संघ रक्तदान शिबिर भरवितो, तेथे हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडतो. डॉक्टरांच्या नकाराने दात्याला अपमान वाटतो, संयोजकांना आकड्याची काळजी लागते आणि रांगेतील इतरांना नियमांचा जाच वाटतो. वस्तुतः त्या नकारामागे जवळजवळ तीन दशकांची न्यायालयीन व वैद्यकीय शिस्त उभी आहे, आणि ती शिस्त जैन दानविचाराशी पूर्णपणे जुळणारी आहे.

चार कसोट्या

दान केले एवढ्यावर आपली परंपरा थांबत नाही. दान कोणत्या विधीने दिले, दिलेले द्रव्य कसे होते, देणारा कोणत्या भावाने व कोणत्या स्थितीत होता आणि घेणारे पात्र कोण होते, या चार गोष्टींवरून दानाचे मोल कमीअधिक ठरते, असे आचार्यांनी सांगितले आहे. साधू-साध्वींना गोचरी वहोरावताना श्रावक किती दक्ष असतो, हे प्रत्येक घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. आहार शुद्ध हवा, हात स्वच्छ हवेत, वेळ योग्य हवी. साधूंनी "नको" म्हटले तर कोणी आग्रहाने पात्रात टाकत नाही. त्या नकारात कोणी अपमान मानीत नाही. उलट महाराजसाहेबांचा आचार किती चोख आहे याची अनुमोदनाच होते.

रक्तदान हे तर शरीरातील द्रव्याचे दान. ते अन्नासारखे गाळून, निवडून, पुन्हा शिजवून शुद्ध करता येत नाही. एका माणसाच्या शिरेतून निघालेले द्रव्य दुसऱ्याच्या शिरेत जाते. येथे विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारही कसोट्या गोचरीहूनही कठोरपणे लावणे ओघानेच आले. देशातील कायद्याने नेमके तेच केले आहे.

पेढी आणि तिचा परवाना

'रक्तपेढी' हा शब्द व्यापारी समाजाला आपलासा वाटतो. पेढी म्हटली की पत आली, विश्वास आला, जमाखर्चाची वही आली. मार्च २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन 'ब्लड बँक' या शब्दाच्या जागी 'ब्लड सेंटर', म्हणजेच 'रक्तकेंद्र', हा शब्द आला. बोलण्यात मात्र रक्तपेढीच टिकून आहे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा औषधविक्रीचा व्यवसाय आहे. औषधाच्या दुकानाचा परवाना कोणत्या कायद्याखाली मिळतो, अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक येऊन काय पाहतात, शीतकपाटाचे तापमान का विचारतात, हे या घरांना सांगावे लागत नाही. रक्तकेंद्रही त्याच औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांच्या कक्षेत येते. कायद्याच्या दृष्टीने मानवी रक्त हे 'औषध' आहे. रक्तकेंद्राला त्यासाठी नमुना २८-सी मधील परवाना घ्यावा लागतो. हा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो खरा, परंतु त्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यताही लागते.

औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा, तसा रक्तकेंद्रात पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी हवा. केंद्राचे सर्व काम अशा सक्षम व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालले पाहिजे, असे नियमाचे म्हणणे आहे. नुसती भिंतीवर टांगलेली पदवी येथे चालत नाही. तो अधिकारी विकृतिशास्त्र किंवा रक्तसंक्रमणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधर असावा, किंवा त्या विषयातील पदविका घेतलेला एम.बी.बी.एस. असावा, किंवा रक्तकेंद्रात नियमित सेवेचा अनुभव असलेला एम.बी.बी.एस. असावा. रक्तगटांची तपासणी, रक्तसंकलनाची वैद्यकीय तत्त्वे आणि रक्तघटक वेगळे करण्याची पद्धत यांचे पुरेसे ज्ञान त्याला असावे लागते. त्याच्या हाताखाली प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि परिचारिका असतात. दात्याला "हो" किंवा "नाही" म्हणण्याचा अधिकार या वैद्यकीय अधिकाऱ्याचा आहे. तो संयोजकांचा नाही, देणगीदाराचा नाही आणि खुद्द दात्याचाही नाही.

ही शिस्त कशी आली

आज स्वाभाविक वाटणारी ही व्यवस्था फार जुनी नाही. १९९० च्या सुमारास देशभरातील रक्तपेढ्यांची पाहणी झाली, तेव्हा १०१८ पैकी ६१६ रक्तपेढ्या विनापरवाना असल्याचे आढळले. पैशांसाठी वारंवार रक्त विकणारे व्यावसायिक दाते हा अनेक पेढ्यांचा मुख्य आधार होता. गरिबीने गांजलेला माणूस थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा रक्त विकी. त्याचे स्वतःचे शरीर पोखरले जाई आणि त्याच्या रक्तातून कावीळ किंवा एच.आय.व्ही. रुग्णापर्यंत पोहोचण्याचा धोका असे.

एच. डी. शौरी यांच्या 'कॉमन कॉज' या संस्थेने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. राष्ट्रीय पातळीवर रक्तसंक्रमण परिषद स्थापन करावी, प्रत्येक राज्यात तशी परिषद असावी, एका वर्षात सर्व रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा करावा आणि दोन वर्षांत व्यावसायिक दात्यांची प्रथा पूर्णपणे बंद करावी, असे आदेश त्यात होते. महाराष्ट्रातील राज्य रक्त संक्रमण परिषद ही याच व्यवस्थेचा भाग होय. २००२ मध्ये राष्ट्रीय रक्तधोरण आले आणि स्वेच्छेने, विनामोबदला केलेले रक्तदान हाच रक्तपुरवठ्याचा पाया असावा, हे तत्त्व त्यात स्वीकारले गेले.

रक्ताची विक्री बंद झाली, तेव्हा रुग्णांची गरज भागविण्याची जबाबदारी स्वेच्छेने देणाऱ्या समाजावर आली. जैन समाजाने ती मोठ्या मनाने उचलली. सप्टेंबर २०१४ मध्ये अखिल भारतीय तेरापंथ युवक परिषदेने देशभर एकाच दिवशी भरविलेल्या शिबिरांत एक लाखाहून अधिक पिशव्या रक्त जमा झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. संघटनशक्तीचा तो अभिमानास्पद आविष्कार होता. परंतु विक्रमाचे आकर्षण गावोगावच्या शिबिरात उतरते, तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर आकड्याचा भार पडू लागतो. तेथे सावध राहणे आवश्यक आहे.

शिबिराचा विधी

शिबिर 'संघाने घेतले' असे आपण म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र संघ केवळ जागा देतो, दाते आणतो आणि आतिथ्य करतो. रक्त घेण्याचा अधिकार परवानाधारक रक्तकेंद्रालाच असतो. शासकीय रक्तकेंद्र, रेडक्रॉस किंवा राज्य परिषदेने मान्यता दिलेले धर्मादाय संस्थेचे रक्तकेंद्र अशा संस्था शिबिर घेऊ शकतात.

मनुष्यबळाचे प्रमाणही नियमात सांगितले आहे. सुमारे तीन तासांत ५० ते ७० पिशव्या, किंवा पाच तासांत १०० ते १२० पिशव्या गोळा करावयाच्या असतील, तर सहा ते आठ खाटांसाठी एक वैद्यकीय अधिकारी व दोन परिचारिका, त्याशिवाय दोन वैद्यकीय समाजसेवक, तीन तंत्रज्ञ व दोन मदतनीस असावेत. हा हिशेब व्यापाऱ्याच्या चटकन ध्यानी येईल. एकाच डॉक्टरच्या भरवशावर तीन तासांत दोनशे पिशव्यांचे लक्ष्य ठेवले, तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला तपासणीची किती क्षणे येतील? जागा स्वच्छ व पुरेशी हवी, प्रकाश व अखंड वीज हवी, हात धुण्याची सोय हवी, वापरलेल्या सुया व कापसाची योग्य विल्हेवाट लागली पाहिजे. एखाद्या दात्याला भोवळ आल्यास प्राणवायूचा सिलिंडर, मुखवटा व तातडीची औषधे हाताशी हवीत. गोळा झालेले रक्त थंड पेट्यांतूनच केंद्राकडे गेले पाहिजे.

वस्तू उचलताना व ठेवतानाही जीवाला इजा होऊ नये म्हणून यतना बाळगण्याची शिकवण आपल्याला बालपणापासून मिळते. शिबिराचे नियम वाचताना त्याच यतनेची आठवण होते. पिशवी किती भरली हे काट्यावर मोजणे, रक्त व पिशवीतील गोठणरोधक द्रावण हळुवार मिसळत राहणे, नळी बंद करणे, पिशवी व नमुन्याच्या बाटल्या यांवर एकच क्रमांक लावणे ही सारी कामे बारीक आहेत. त्यांतील एका चुकीची किंमत दूरच्या खाटेवरील रुग्णाला मोजावी लागते.

दाता : तपस्वी, गृहिणी आणि दुकानातला कामगार

दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे असावे. प्रथमच रक्त देणाऱ्यास कमाल मर्यादा ६० वर्षांची आहे. वजन किमान ४५ किलो असावे. ४५० मिलिलिटरची पिशवी घ्यावयाची तर ५५ किलोंहून अधिक. हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १२.५ ग्रॅमपेक्षा कमी नसावे. नाडी, रक्तदाब व तापमान तपासले जाते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० दिवसांचे व महिलांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींचे रक्त घेतले जात नाही. गोंदण करून घेतले असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर वर्षभर थांबावे लागते.

या नियमांत जैन कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा असा एक नियम आहे. दाता उपाशीपोटी नसावा आणि रक्तदानाच्या काळात त्याचा उपवास चालू नसावा. आपली मोठी शिबिरे बहुधा धार्मिक पर्वांच्या दिवशी होतात, आणि नेमके तेच दिवस तपाचे असतात. महावीर जन्मकल्याणक चैत्रातील नवपद ओळीच्या मध्यावर येते. पर्युषणात व दशलक्षण पर्वात घरोघर उपवास, एकासणे, बियासणे चालू असतात. वर्षीतप करणाऱ्यांचा तर एक दिवसाआड उपवास असतो. धर्मभावनेने भारावलेला तपस्वी रक्त द्यावयास सर्वांत आधी उभा राहतो, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्याच दिवशी त्याने ते देणे सर्वांत अयोग्य असते.

कारण सरळ आहे. रिकाम्या पोटी, शरीरात पाणी कमी असताना ३५० मिलिलिटर रक्त निघाले, तर रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. कोकणातील एप्रिल महिन्याचा दमट उकाडा, शोभायात्रेत झालेली पायपीट आणि वर उपवास, मग धोका वाढणारच. रक्तदानानंतर थोडा वेळ विश्रांती घेऊन सरबत व अल्पाहार घ्यावयाचा असतो. आयंबिल करणाऱ्याला तो चालत नाही. चौविहार करणाऱ्याने सायंकाळच्या शिबिरात रक्त दिले, तर सूर्यास्तानंतर त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंबही जाणार नाही. अशांनी सकाळीच, व्यवस्थित न्याहारी करून, दिवसभर पाणी घेता येईल अशा बेताने रक्त द्यावे. डॉक्टरांपासून तप लपवून रक्त देणे हे तपाचेही भूषण नव्हे आणि दानाचेही.

महिलांच्या बाबतीत हिमोग्लोबिनमुळे नकार मिळण्याचे प्रमाण मोठे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक महिला रक्तक्षयग्रस्त आहेत. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांनी कडधान्ये, तीळ, हळीव, खजूर आणि जोडीला लिंबू यांचा आहारात विचारपूर्वक समावेश करावा. जेवणालगतचा चहा टाळावा, कारण त्यामुळे अन्नातील लोह शरीराला कमी मिळते. शिबिरात हिमोग्लोबिन कमी निघालेल्या भगिनीने ओशाळून परत न जाता तो आकडा लिहून घ्यावा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावा. रक्त न देताही तिला शिबिरातून काही मोलाचे मिळालेले असते.

आणखी एक गोष्ट थोडी अवघड आहे, पण बोलली पाहिजे. शिबिराचा आकडा वाढावा म्हणून काही ठिकाणी दुकानातील, गोदामातील कामगारांना रांगेत उभे केले जाते. शेठजींनी सांगितले म्हणून तो माणूस नाही म्हणू शकत नाही. त्याला अलीकडे हिवताप झालेला असू शकतो किंवा त्याचे औषध चालू असू शकते. मालकासमोर प्रश्नावली भरताना तो खरे सांगेलच असे नाही. रक्तदानाआधीची प्रश्नावली व डॉक्टरांशी होणारे बोलणे एकांतात, गोपनीयपणे व्हावे, असा आग्रह यासाठीच आहे. काही रोगांची लागण झाल्यानंतरचे पहिले दिवस असे असतात की उत्तम प्रयोगशाळेलाही ती सापडत नाही. त्या काळात रुग्णाचे रक्षण फक्त दात्याच्या खऱ्या उत्तराने होते, आणि खरे उत्तर भयमुक्त माणूसच देऊ शकतो. महागड्या भेटवस्तूंचे आमिषही याच कारणाने वर्ज्य आहे. अल्पाहार, प्रमाणपत्र, साधेसे स्मृतिचिन्ह एवढेच योग्य. अभयदानाला सर्व दानांत श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाने, आपल्या कामगाराला नकाराचे अभय देऊन शिबिराची सुरुवात करावी.

द्रव्य : पिशवीचा प्रवास

केंद्रात पोहोचलेल्या प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही., कावीळ 'बी', कावीळ 'सी', उपदंश आणि हिवताप या पाच रोगांसाठी तपासणी सक्तीची आहे. रक्तगट दोन बाजूंनी तपासला जातो : एकदा तांबड्या पेशींवरून, एकदा रक्तद्रवावरून. दोन्हींचा मेळ बसला तरच गट पक्का मानतात.

ही दुहेरी तपासणी का हवी, याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अत्यंत दुर्मिळ रक्तगट शोधून काढला. तो जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. केवळ पेशी तपासल्या तर हा गट 'ओ' वाटतो. अशा रुग्णाला 'ओ' गटाचे रक्त दिले, तर त्याच्या जीवावर बेतू शकते. रक्तद्रवाची तपासणी व रुग्णाच्या नमुन्याशी जुळणी केली म्हणजे फरक उघड होतो.

पुढे साठवण. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. पिशवीतील द्रावणानुसार त्या ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि त्यांचे आयुष्य अवघे पाच दिवसांचे. गोठविलेला रक्तद्रव उणे ३० अंशांखाली वर्षभर राहतो. कोणाचे रक्त, कधी घेतले, काय तपासले, कोणाला दिले, याच्या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. चोपडीची शिस्त जाणणाऱ्या समाजाला या नोंदींचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

नाशवंत मालाचा व्यापार करणाऱ्याला यातून एक धडा आपोआप उमगेल. एकाच दिवशी एकाच गावात तीनशे पिशव्या जमविल्या, तर सहा आठवड्यांत त्या वापरल्या जातीलच असे नाही. आणि पुढच्या महिन्यात टंचाई आली तर त्याच दात्यांना ९० दिवस पुन्हा बोलावता येत नाही. भरलेला आंबा एकदम बाजारात ओतला की काय होते, हे रत्नागिरीच्या व्यापाऱ्याने पाहिलेले आहे.

पात्र : एकशे ऐंशी किलोमीटरचा जिल्हा

रत्नागिरी जिल्हा उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर लांब पसरलेला आहे. मंडणगड ते राजापूर असे नऊ तालुके, मध्ये घाट, खाड्या आणि नद्या. रत्नागिरीचे जिल्हा शासकीय रुग्णालय आणि चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय येथे रक्तकेंद्रे आहेत. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाल्याने मोठ्या उपचारांची अपेक्षा वाढली आहे. दापोली, कामथे, कळंबणी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. अशा दूरच्या रुग्णालयांसाठी नियमांत 'रक्तसाठवण केंद्रा'ची तरतूद आहे. तेथे रक्त गोळा केले जात नाही. मोठ्या परवानाधारक केंद्राकडून आलेले, तपासलेले रक्त शीतकपाटात ठेवून गरजेनुसार दिले जाते.

या जिल्ह्यात रक्त कोणाला लागते? मुंबई-गोवा महामार्गावर अपघातात सापडलेल्या प्रवाशाला. प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेल्या, वाडीवरून डोलीतून आणि मग रुग्णवाहिकेतून आलेल्या मातेला. पावसाळ्यात डेंग्यूने प्लेटलेट घसरलेल्या रुग्णाला. दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या बालकाला. कोकणच्या कातळावर आढळणारे फुरसे चावले तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. प्रतिविष हा त्यावरचा मुख्य उपाय असला तरी काही रुग्णांना रक्त व रक्तघटकही द्यावे लागतात.

गरज बारा महिने असते, पुरवठा मात्र हंगामी. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद, माणसे आंब्याच्या गडबडीत आणि लग्नसराईत. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी आणि पूर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा रस्ते तुटले की गाव कसे एकाकी पडते, हे तेथील व्यापारी कुटुंबांनी प्रत्यक्ष अनुभवले. अशा दिवसांत शीतकपाटात आधीपासून असलेली पिशवीच कामी येते. म्हणून वर्षातून एक भव्य शिबिर घेण्यापेक्षा, रक्तकेंद्राला विचारून तीन-चार महिन्यांच्या अंतराने छोटी शिबिरे घेणे अधिक हिताचे. त्यांतील एक मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर ठेवावे. पर्वाच्या दिवशी नावनोंदणी करावी आणि रक्त मात्र पारण्यानंतरच्या रविवारी द्यावे. यात पर्वाचा उत्साहही टिकतो आणि नियमही पाळला जातो.

विश्वस्तांनी आधी विचारावे

शिबिर ठरविण्यापूर्वी संघाच्या विश्वस्तांनी रक्तकेंद्राला पुढील गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. मालाची खरेदी करताना आपण याहून अधिक चौकशी करतो.

• केंद्राचा परवाना चालू आहे काय? त्याची प्रत पाहावयास मिळेल काय?

• शिबिराच्या दिवशी वैद्यकीय अधिकारी पूर्णवेळ उपस्थित राहतील काय? परिचारिका व तंत्रज्ञ किती असतील?

• आपल्या अपेक्षित संख्येला हे मनुष्यबळ पुरेसे आहे काय? नसल्यास संख्या कमी करावी काय?

• दात्यांची तपासणी एकांतात करण्यासाठी कोणती खोली द्यावी?

• प्राणवायू, तातडीची औषधे व रुग्णवाहिकेची सोय काय आहे?

• या काळात कोणत्या गटाची व किती पिशव्यांची खरी गरज आहे?

• तपासणीत काही दोष आढळल्यास दात्याला गोपनीयपणे कसे कळविले जाईल?

आणि संघाने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा : नकार मिळालेल्या दात्याचे आपण काय करतो? त्यालाही खाऊची पुडी मिळावी, त्याच्याशीही कोणी दोन शब्द गोडीने बोलावे. अहवालात जमलेल्या पिशव्यांच्या आकड्याशेजारी 'तपासणीस आलेले एकूण दाते' असा दुसरा आकडा छापावा. दोन आकड्यांतील अंतर हे अपयश नाही. तितक्या ठिकाणी डॉक्टरांनी दात्याला किंवा एखाद्या अनोळखी रुग्णाला सांभाळले, एवढाच त्याचा अर्थ.

चैत्री पौर्णिमा सरते. ओळीचे पारणे होते. चार-सहा दिवसांनी सकाळी न्याहारी करून, दुकान मुलाच्या हाती सोपवून ते चाळिशीचे गृहस्थ रक्तकेंद्राची पायरी चढतात. तेथे ना फलक असतो, ना छायाचित्रकार, ना अनुमोदनेचा जयघोष. तेच डॉक्टर पुन्हा नाडी पाहतात, तोच प्रश्न विचारतात, आणि या वेळी मान डोलावून खाटेकडे बोट दाखवितात. दहा मिनिटांत पिशवी भरते. तिच्यावर एक क्रमांक चिकटतो, नाव नाही. कोणत्या वाडीवरच्या कोणत्या मातेला ती लागेल, हे दात्याला कधीच कळणार नाही. गुप्तदान म्हणतात ते हेच.